कोरी ओळ

मराठी समीक्षेनं अजून ढुंकूनही पाहिलेलं नाही असा एक लेखनप्रकार मी गेली कित्येक वर्षं सकाळच्या चहाबरोबर वाचत आले आहे. त्याला लेखकाचं नाव नसतं, मुखपृष्ठ नसतं, अर्पणपत्रिका नसते. असतो तो फक्त एक लांबलचक क्रमांक. कारखान्यांची खरेदी, साठा, उत्पादन, विक्री आणि हिशेब हा सगळा कारभार ज्यावर चालतो, त्या सॅप नावाच्या जर्मन सॉफ्टवेअरमध्ये कुठे काही चुकीचं आढळलं, की ते दुरुस्त करून त्याविषयी एक टिपण काढलं जातं. आम्ही या धंद्यातली माणसं त्याला ‘नोट’ म्हणतो. माझ्या वयाची मंडळी अजून ‘ओएसएस नोट’ म्हणतात. ओएसएस नावाची ती सेवा केव्हाच गुंडाळली गेली, पण तोंडातून काही गेली नाही. नोटेची बांधणी अभंगासारखी ठरलेली. आधी लक्षण, मग शोधणाऱ्याला सापडावं म्हणून काही इतर शब्द, मग कारण, आणि शेवटी उपाय.

लक्षण बहुतेक वेळा द्वितीयपुरुषात लिहिलेलं असतं. साधारण असं : तुम्ही मालाची आवक नोंदवता. नोंदवताना एक ओळ पुसता. मागच्या पडद्यावर जाता, पुन्हा पुढे येता. पुसलेली ओळ परत दिसते. बस, एवढंच. नायकाचं नाव नाही, गाव नाही, त्यानं ती ओळ का पुसली आणि पुसल्यावर तो मागे कशाला गेला, याबद्दल अवाक्षर नाही. पण मला तो दिसतो. कुठल्याशा देशातल्या कुठल्याशा गोदामात, बाहेर ट्रक ताटकळत असताना, दुसऱ्या पाळीतला एक माणूस ती ओळ पुसतो आहे आणि ती परत येते आहे. तो पुन्हा पुसतो. मग चिडून कुणाला तरी हाक मारतो. ती हाक या टेबलावरून त्या टेबलावर जात जात, वाटेत आपला चढा सूर गमावत, जर्मनीतल्या वॉल्डॉर्फ गावी पोचते आणि तिथे तिचं चार कोरड्या वाक्यांचं लक्षण होतं. एवढी संयमी शोकांतिका मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही.

पण खरी गंमत कारणाच्या रकान्यात. तिथे कितीतरी वेळा एकच वाक्य असतं : हा प्रकार प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे होतो. बस. सबब नाही, सारवासारव नाही, हवामानाचा उल्लेख नाही. मी नवीन होते तेव्हा हे वाचून दचकायची, कारण मी ज्या समाजात वाढले तिथे लोकल थांबते ती तांत्रिक कारणास्तव, निकाल लांबतो तो तांत्रिक कारणास्तव, आणि प्रमुख कलावंत रुसून बसला म्हणून नाटकाचा प्रयोग रद्द होतो तोसुद्धा तांत्रिक कारणास्तव. आणि इथे, ज्यांच्यापाशी अस्सल तांत्रिक कारण आहे, अशी माणसं सरळ म्हणत होती की चूक आमची. हा रकाना आपल्या घराघरांत पोचला असता तर किती भावकीचे तंटे मिटले असते! लक्षण : तुम्ही लग्नाला येता, निमंत्रणपत्रिकेत आपलं नाव शोधता, ते सापडत नाही. कारण : पत्रिका लिहिणाऱ्याची चूक. उपाय : धाकट्याच्या लग्नात दुरुस्ती केली जाईल. त्याऐवजी आपण काय करतो, तर नाव मुद्दाम गाळलं की छापखान्यात पडलं यावर तीन पिढ्या खर्ची घालतो.

ही कंपनी १९७२ साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच इंजिनिअरांनी काढली, तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता. पहिलं गिऱ्हाईक होतं आयसीआय या रसायन कंपनीचा ओस्ट्रिंगन गावातला नायलॉनचा कारखाना, आणि काम करायचं तेही गिऱ्हाइकाच्याच यंत्रावर. दुसऱ्याच्या जागेत बसून, त्याच्याच यंत्रावर, त्याच्याच हिशेबाचा प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे चूक झाली तरी ती लपवायला कोपरा कुठून मिळणार? नोटांमधला सरळपणा तिथूनच आला असावा, हा माझा एक लाडका समज आहे. त्याला पुरावा मागू नये.

दुरुस्त होणाऱ्या चुकांचं एक बरं असतं, त्या मार्गी लागतात. जिला दुरुस्तीच नाही ती चूक वेगळ्या कुळातली. तिचा सर्वांत मानाचा नमुना तुमच्या-माझ्या कॉम्प्युटरवर, एक्सेलमध्ये आहे. एका चौकटीत साठ हा आकडा लिहा आणि त्याला तारखेचं रूप द्या. २९ फेब्रुवारी १९०० असं उत्तर येईल. हा दिवस पृथ्वीवर कधी उगवलाच नाही. शंभरानं भाग जातो पण चारशेनं जात नाही ते वर्ष लीप नसतं, त्यामुळे त्या साली २८ फेब्रुवारीचा बुधवार मावळला तो थेट १ मार्चच्या गुरुवारी उजाडला. पण १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ नं १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, आणि हिशेबाच्या तक्त्यांच्या राज्यात तेव्हा लोटसची द्वाही फिरत होती. मागून आलेल्या एक्सेलला लोटसचे तक्ते जसेच्या तसे वाचता यायला हवे होते, म्हणून त्यानं ती चूक समजून-उमजून दत्तक घेतली. राजा गेला, गादी गेली, दत्तक राहिलं. आता ते सुधारायचं म्हटलं तर त्यानंतरच्या सगळ्या तारखांमागचे आकडे एकेका दिवसानं सरकतील, आणि जगातल्या तक्त्यांत जेवढ्या तारखा आहेत तेवढ्या हलतील. मायक्रोसॉफ्टनं हे कारण उघडपणे सांगूनच ती चूक जागच्या जागी ठेवली आहे.

त्याचा एक उपपरिणाम मला फार आवडतो. एक्सेलच्या लेखी बुधवार २९ तारखेला आल्यामुळे त्याच्या आधीचे सगळे वार एकेक घर मागे सरकले आहेत. १ जानेवारी १९०० ला खरं तर सोमवार होता, एक्सेलमध्ये तो रविवार आहे. सोमवारचा रविवार झाला म्हणून तक्रार करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. शिवाय आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्या पंचांगात अख्खीच्या अख्खी तिथी क्षय पावते आणि कुणी पोलिसात जात नाही. दर दोन-तीन वर्षांनी एक महिना वरचढ येतो आणि त्याच्या निमित्तानं जावयांना अनारसे मिळतात. त्या मानानं हा एक बुधवार अगदीच निरुपद्रवी. त्या दिवशी कुणी जन्मलं नाही, कुणाचा हप्ता थकला नाही, कुणी कुणाला शेवटचं भेटलं नाही, आणि तरी तो हलला तर जगाची बिलं हलतील. न घडलेल्या दिवसावर एवढी जबाबदारी पडलेली पाहून मला त्याच्याबद्दल माया वाटू लागली आहे.

आता निवृत्तांकडे वळते. सॅपमध्ये प्रत्येक कामाला एक छोटा कोड असतो, टी-कोड. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातल्या चौकटीत तो टाइप केला की ते काम समोर हजर. खरेदीची ऑर्डर काढायला पूर्वी एमई२१ हा कोड होता. १९९९ च्या सुमाराला ‘एन्जॉय सॅप’ अशा भलत्याच आशावादी नावाच्या मोहिमेत पडद्यांचं रूप पालटलं आणि एमई२१एन आला. शेवटचा ‘एन’ नव्याचा. त्याला आता पाव शतक उलटून गेलं, त्याच्याहून लहान पोरं तो वापरून पगार घेताहेत, पण नव्याचा एन काही झडला नाही. पुण्यात राहणाऱ्याला याचं काय कौतुक! इथे १८८० साली निघालेली शाळा अजून न्यू इंग्लिश स्कूल आहे, आणि नवी पेठ कधी नवी होती हे सांगणारं कुणी उरलेलं नाही.

चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारे एक काका आहेत. माल शॉपला द्यायचा असला की ते एमबी१ए उघडत, एका गोदामातून दुसऱ्या गोदामात हलवायचा असला की एमबी१बी, आणि इतर कुठून आलेला माल आत घ्यायचा असला की एमबी१सी. उघडत म्हणजे काय, ते दुसऱ्याशी बोलत असताना त्यांची बोटं परस्पर उघडत. २०१५ मध्ये सॅपची एस/४ हाना ही नवी पिढी आली, तिच्यात हे सगळे कोड बाद झाले आणि त्यांचं काम एकट्या मिगो नावाच्या कोडकडे गेलं. जुन्या पिढीची नियमित देखभाल २०२७ अखेर थांबायची आहे, त्यामुळे सध्या चाकणपासून रांजणगावपर्यंत जो तो कारखाना या स्थलांतराच्या गडबडीत आहे, आणि माझ्यासारख्या बायका टिफिन घेऊन या स्टोअरमधून त्या स्टोअरमध्ये मिगो शिकवत हिंडत आहेत.

मिगोचा स्वभाव चौकस. आधी विचारणार, आवक की जावक की बदली. मग विचारणार, कशाच्या आधारावर. मग पुढे प्रकाराचा आकडा. काकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, चौकीत तक्रार लिहून घेतात तसं आहे हे. आपलाच माल गेलेला असतो आणि आपल्यालाच विचारतात.” मग त्यांनी हात कीबोर्डवर ठेवले आणि बोटांनी आपणहून एमबी१ए टाइप केलं. सिस्टिमनं नम्रपणे मिगोकडे जायला सांगितलं. पुन्हा एमबी१ए. पुन्हा तोच नम्र निरोप. माझं लक्ष त्या कीबोर्डकडे गेलं. एम, बी आणि ए ही अक्षरं झिजून बेपत्ता झाली होती, एकच्या आकड्याचा नुसता पाय उरला होता, आणि जी आणि ओ मात्र कोऱ्या करकरीत, कंपनीतून आल्या तशा. एखाद्या देवळाच्या पायऱ्या पाहून पिढ्यांचा अंदाज बांधावा तसा त्या चार कळांवरून मी कारखान्यातून बाहेर पडलेल्या मालाचा अंदाज बांधत बसले.

“आकडे नाही ना बदलले?” काकांनी विचारलं. नाही बदलले. ऑर्डरवर माल आला की १०१, उत्पादनाला दिला की २६१, गोदामातून गोदामात ३११, आणि चुकून घेतलेला परत फिरवायचा तर १०२. सगळे होते तिथेच. काकांचा चेहरा मोकळा झाला. स्टोअरमध्ये हे आकडे नुसते आकडे नसतात, ती बोलीभाषा असते. चहा आला का, याचं उत्तर “एकशे एक झाला” असं मिळतं. भंगारात काढण्याचा आकडा ५५१ आहे. जाता जाता काका म्हणाले, “जाऊ द्या मॅडम, शिकतो मी हे मिगो. तसंही पुढच्या मार्चात आपलं पाचशे एक्कावन्न आहे.” आजूबाजूची पोरं खो खो हसली. मला मात्र हसावं की रागवावं ते कळेना, म्हणून मी पडदा पुन्हा पहिल्यापासून दाखवायला घेतला.

हिशेब खात्यात वेगळंच. पूर्वी ज्याच्याकडून माल घ्यायचा त्याची नोंद एका कोडनं आणि ज्याला विकायचा त्याची दुसऱ्या. नव्या पिढीत दोघेही ‘बिझनेस पार्टनर’. जुना कोड टाकलात तरी सिस्टिम तुम्हाला हात धरून त्या भागीदारांच्या पडद्यावर नेऊन बसवते. तिथले वयस्कर अकाउंटंट चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “जो महिन्याच्या सात तारखेला पैशांसाठी दारात उभा राहतो तो पार्टनर कसा हो?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. वॉल्डॉर्फमध्ये असेल.

पण याच हिशेब खात्याच्या तळघरात मला निवृत्तीचा सर्वांत प्रेमळ प्रकार सापडला. येणी, देणी आणि खतावणी यांच्या मिटलेल्या आणि न मिटलेल्या नोंदी पूर्वी सहा वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवल्या जात. नव्या पिढीत सगळा हिशेब एकाच भल्यामोठ्या रोजकिर्दीत गेला आणि ते सहाही तक्ते काढून टाकले. काढले खरे, पण त्यांच्या जागी त्यांच्याच नावाचे सहा आभास ठेवले. एखाद्या जुन्या प्रोग्रॅमनं सवयीनं येऊन त्या तक्त्याचं नाव घेतलं, तर हा आभास त्याला ‘ते आता इथे नसतात’ असं सांगत नाही. तो आत जातो, नव्या रोजकिर्दीतून हवं ते शोधून आणतो, जुन्या पद्धतीनं मांडून हातात देतो. विचारणाऱ्याला पत्ताही लागत नाही की आपण ज्याच्याशी बोललो तो आता हयात नाही. भोसरीतल्या कुणा पोरानं पंधरा वर्षांपूर्वी, महिनाअखेरच्या घाईत लिहिलेला आणि स्वतःच विसरून गेलेला एखादा रिपोर्ट जर्मनीतल्या माणसानं गृहीत धरला, त्याचा अपमान होऊ नये याची तजवीज केली, हे मला मोठं सौजन्य वाटतं. एरवी याच स्थलांतरासाठी कंपनीनं ‘सुलभीकरणाची यादी’ म्हणून जो दस्तऐवज दिला आहे तो शेकडो पानांचा आहे, आणि तो उघडल्यावर सुलभ काहीच वाटत नाही. पण ते एक असो.

सुविधा सॉफ्टवेअरवाल्यांनीच निवृत्त करायला हवी असं नाही, सरकारही करतं. ३० जून २०१७ ची मध्यरात्र उलटली, जीएसटी लागू झाला, आणि पेट्रोलियम, तंबाखू अशा काही वस्तू वगळता केंद्रीय उत्पादन शुल्क म्हणजे आपलं एक्साइज संपलं. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्यात एक्साइजचे एक साहेब असायचे. त्यांचं टेबल भिंतीला पाठ लावून, त्यांचं कपाट कुलपाचं, आणि त्यांची भाषा संध्येतल्या मंत्रांसारखी, म्हणजे बाकीच्यांना ऐकून पाठ पण अर्थाशी गाठ नाही. आरजी २३ए भाग एक म्हणजे आलेल्या मालाची संख्या, भाग दोन म्हणजे त्यावरच्या शुल्काची जमा, आरजी १ म्हणजे तयार माल, पीएलए म्हणजे शुल्क भरण्याचं चालू खातं. १९८६ साली आलेल्या मॉडव्हॅटचं २००० मध्ये सेनव्हॅट झालं, त्यावर २००४ मध्ये दोन टक्के शिक्षण उपकर चढला, २००७ मध्ये उच्च शिक्षणाचा आणखी एक टक्का. शुल्कावर उपकर, त्या उपकराचा वेगळा हिशेब, आणि तो पैशापर्यंत जुळायला हवा. या सगळ्यासाठी सॅपमध्ये भारतापुरता एक खास भाग बांधलेला होता. त्याचे कोड जे१आय नं सुरू व्हायचे. माझ्या पिढीच्या कितीतरी जणांची घरं त्या जे१आयवर झाली आहेत.

एका रात्रीत ते सगळं गेलं. म्हणजे कायद्यातून गेलं. एका कारखान्यात मालाची आवक नोंदवायच्या पडद्यावर एक्साइजचं पान तसंच राहून गेलं होतं, आणि ते पार केल्याशिवाय पुढे जाता येत नसे. मग स्टोअरचा माणूस प्रत्येक आवकेला तिथली यादी उघडून ‘नो एक्साइज एन्ट्री’ हा पर्याय निवडायचा. कर मेला होता, पण आपण तो भरत नाही असं रोज कितीदा तरी सांगावं लागत होतं. नव्यानं लागलेल्या एका मुलानं एकदा विचारलं, हे एक्साइज म्हणजे काय? शेजारचा म्हणाला, ते नाही म्हणायचं असतं.

आणि ५७ एफ ४ तर याच्याही पुढची गोष्ट. भाग प्लेटिंगला किंवा मशिनिंगला बाहेरच्या वर्कशॉपमध्ये पाठवायचा तर त्याबरोबर एक चलन द्यावं लागायचं, म्हणजे शुल्क न भरता माल बाहेर जाऊन ठरलेल्या मुदतीत परत यायचा. १९४४ च्या नियमावलीतल्या ५७ एफ या नियमाच्या चौथ्या पोटनियमावरून त्या चलनाचं नाव पडलं. ती नियमावली या शतकाच्या आरंभीच बदलली, त्या नियमाचा क्रमांक गेला. मग २०१७ मध्ये करच गेला. आता जॉबवर्कचा मामला जीएसटी कायद्याच्या कलम १४३ खाली येतो आणि त्याचं विवरण आयटीसी-०४ या फॉर्ममध्ये जातं. पण भोसरीच्या एमआयडीसीत टेम्पोवाला आजही विचारतो, “सत्तावन एफ फोर दिलंय ना?” विचारणारा तो नियम रद्द झाल्यानंतर जन्मलेला असतो. पुण्या-पिंपरीतली जकात २०१३ च्या एप्रिलमध्ये संपली, तिच्या जागी आलेला एलबीटीही गेला, तरी जुना जकात नाका म्हटलं की रिक्षावाला बरोबर तिथेच नेऊन सोडतो, तसंच हे. नियम लोकांच्या जिभेवर बसला की त्याला राजपत्रातून काढता येतं, जिभेवरून काढायला राजपत्र पुरत नाही.

त्या एक्साइजच्या साहेबांचं काय झालं असं कुणी विचारत नाही, म्हणून सांगते. ते जीएसटीचे साहेब झाले. कुलपाचं कपाट मात्र त्यांनी सोडलं नाही, कारण जुन्या वर्षांचे खटले लवादात अजून चालू आहेत. तारीख पडली की ते एकटेच त्या जे१आयच्या रिपोर्टमध्ये उतरतात, दहा-बारा वर्षांपूर्वीची एखादी नोंद काढतात, आणि बाहेर येताना त्यांच्या चेहऱ्यावर गावी जाऊन आल्यासारखा तजेला असतो.

आता गेटपासची हकिगत राहिली. कारखान्यानं स्वतःपुरते लिहून घेतलेले प्रोग्रॅम सॅपमध्ये सहसा झेड अक्षरानं सुरू होतात, आणि झेड प्रोग्रॅम हे गावदेवांसारखे असतात. शास्त्रात त्यांचा उल्लेख नसतो पण गावाचं पान त्यांच्याशिवाय हलत नाही. एका कारखान्याचा गेटपास असाच एका झेड प्रोग्रॅममधून छापला जाई. त्यात पार्टीच्या पत्त्याची दुसरी ओळ बहुतेक वेळा रिकामी असायची, आणि प्रोग्रॅम ती रिकामी ओळही इमानानं छापायचा. म्हणजे पत्ता, मग एक कोरी जागा, मग मालाची यादी. चूकच ती, पण बोटभर. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यांनी त्या जागेत ड्रायव्हरचा मोबाईल नंबर आणि वजनकाट्याच्या पावतीचा आकडा लिहायला सुरुवात केली. सिक्युरिटीची एजन्सी बदलली, माणसं बदलली, पण जाणारा येणाऱ्याला गेटच्या किल्ल्यांबरोबर ती कोरी ओळही सोपवून गेला.

स्थलांतराच्या कामात हिंजवडीहून आलेल्या एका हुशार मुलाच्या नजरेला ही रिकामी ओळ पडली. पत्ता रिकामा असेल तर ओळ छापू नये, अशी एक अट त्यानं घातली. दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटच्या आत ट्रकांची रांग लागली. सिक्युरिटीचे हवालदार गेटपास हातात धरून उभे होते आणि सोडायला तयार नव्हते. त्यांना विचारलं तर म्हणाले, “मॅडम, हा कागद आपला नाही. बनावट आहे.” इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोऱ्या ओळीशिवायचा गेटपास पाहिला नव्हता; अस्सल कागदाची खूणच ती होती.

ओळ परत आणायचं ठरलं. पण कशी? बिघाड म्हणून तक्रार नोंदवता येईना, कारण बिघडलेलं काही नव्हतं, उलट सुधारलेलं होतं. शेवटी ती ‘नवी सुविधा’ या सदरात गेली. नवी सुविधा म्हटलं की तिचं लेखी वर्णन लागतं. मी लिहिलं : पत्त्याखाली एक ओळ असावी, तिच्यात काहीही छापू नये. मंजुरी देणाऱ्या साहेबांनी विचारलं, या ओळीतली माहिती कुठल्या तक्त्यातून येणार? मी लिहिलं : कुठल्याच नाही. मग चाचणीचा कागद. अपेक्षित निकाल : काही नाही. प्रत्यक्ष निकाल : काही नाही. शेरा : उत्तीर्ण. वापरणाऱ्याची सही म्हणून हवालदारांना बोलावलं. त्यांनी गेटपास उजेडात धरला, कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला, आणि सही करायच्या आधी पेन तसंच हातात ठेवून म्हणाले, “आता करताच आहात तर जरा रुंद करा ना. हल्ली ड्रायव्हर दोन-दोन मोबाईल नंबर देतात, मावत नाहीत.”

ती मागणी पुढच्या यादीत घातली आहे. खरेदी खात्याची सही झाली, डिस्पॅचची व्हायची आहे; त्यांचं म्हणणं, रुंद करायचीच तर दोन ओळी कराव्यात.